दारूचा पत्ता सगळ्यांना ठाऊक; सोडण्याचा पत्ता कोण सांगणार?

नालासोपारा पूर्वेच्या कुठल्याही चाळीच्या तोंडाशी उभे राहून विचारा, दारू कुठे मिळते? शाळकरी पोरही बोट दाखवील. देशीचे दुकान कुठे, वाइन शॉप कुठे, उधारीवर क्वार्टर कोण देतो, ड्राय डेला मागच्या दाराने कोण देतो, ही सगळी माहिती वस्तीला तोंडपाठ असते. आता त्याच माणसांना दुसरा प्रश्न विचारा. दारू सोडायची असेल तर कुठे जायचे? इथे सगळे गप्प होतात. कुणी अंगारा देणाऱ्या बाबाचे नाव सांगतो. कुणी लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘न सांगता दारू सोडवा’ या जाहिरातीचा हवाला देतो. कुणी सरळ म्हणतो, ‘ती मेल्याशिवाय सुटत नाही.’

वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर मोजली गेली होती. मुंबईत घर परवडत नाही म्हणून इकडे आलेला हा कष्टकरी समाज. पहाटेची लोकल पकडून मुंबईला जायचे, रात्री लटकत परत यायचे. कुणी वालीव-गोखिवऱ्याच्या गाळ्यांत बारा तास उभा राहतो, कुणी नाक्यावर बिगारीची वाट पाहतो. या माणसाच्या थकव्यावर धंदा करणारी दुकाने स्टेशनच्या जिन्याखालीच आहेत. त्याला सावरणारी जागा मात्र कुणी दाखवत नाही.

हे केवळ वसईचे दुखणे नाही. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या ‘एम्स’मार्फत केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातील सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात. त्यांतल्या ५ कोटी ७० लाखांना दारूच्या त्रासातून बाहेर पडण्यासाठी मदतीची गरज आहे आणि सुमारे २ कोटी ९० लाख लोक दारूवर पूर्णपणे अवलंबून आहेत. या अवलंबून असलेल्यांपैकी ३८ जणांत एकालाच कसली तरी उपचाराची मदत मिळते. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा १८० जणांत एक. उरलेले ३७ जण कुठे जातात? ते घरात असतात, गटारात असतात, पोलीस ठाण्यात असतात आणि शेवटी शवविच्छेदनाच्या टेबलावर असतात.

बाबासाहेबांनी काय सांगितले?

दारूच्या प्रश्नावर बाबासाहेबांची भूमिका आपण अर्धीच सांगतो. ती पूर्ण पाहिली पाहिजे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत स्त्रियांसमोर बोलताना त्यांनी बजावले की नवरा असो की मुलगा, दारू पिऊन आला तर त्याला जेवू घालू नका. पुढे १९५१ च्या निवडणुकीसाठी शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा जो जाहीरनामा निघाला, त्यात सरकारी दारूबंदीला स्पष्ट विरोध होता. दारूबंदीने सरकारचे उत्पन्न बुडते, गाळणे घरोघरी पोहोचते आणि पूर्वी फक्त पुरुष पीत होते तिथे बायकामुलेही पिऊ लागतात, असा तो युक्तिवाद होता. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्याच महापुरुषाने लाखोंच्या जनसमुदायाला बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत सतरावी प्रतिज्ञा दारू न पिण्याची.

वरवर पाहणाऱ्याला यात विसंगती वाटेल. पण विसंगती नाही. पोलिसाच्या दंडुक्याने दारू सुटत नाही हे कायदेपंडित बाबासाहेबांना पक्के ठाऊक होते. दारू सुटते ती माणसाच्या निर्धाराने, आणि त्या निर्धाराला भोवतालच्या माणसांचा आधार असेल तर. म्हणून त्यांनी प्रतिज्ञा एकेकट्याला घरी बसून घ्यायला लावली नाही. ती सर्वांनी मिळून, उघड्या मैदानात, एका आवाजात घेतली.

आपण काय केले? प्रतिज्ञा पाठ केल्या. दर पौर्णिमेला पंचशील घेताना पाचवे शील म्हणतो. आणि जो ते पाळू शकत नाही त्याला ‘बेवडा’ म्हणून बाजूला सारतो. शील घेणाऱ्याला आपल्याकडे जागा आहे, शील मोडून परत येणाऱ्याला मात्र नाही. पाली भाषेत या पाचही शिलांना ‘सिक्खापद’ म्हटले आहे, म्हणजे शिकण्याचे पाऊल. आज्ञा मोडली की शिक्षा होते. शिकण्याचे पाऊल चुकले तर ते पुन्हा टाकायचे असते. हा फरक धम्माने केलेला आहे, आपण तो वस्तीत उतरवलेला नाही.

मिटिंगमध्ये नेमके काय होते?

ही पुन्हा पाऊल टाकण्याची व्यवस्था जगात कुठे तयार झाली ते पाहू. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन शहरात बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ नावाचा शल्यविशारद, दोघेही दारूने उद्ध्वस्त झालेले, एकमेकांना भेटले. आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाशी मोकळेपणाने बोलले की आजचा दिवस न पिता निघतो, हे त्यांच्या ध्यानात आले. १० जून १९३५ हा ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ म्हणजे ‘ए.ए.’चा स्थापना दिवस मानतात. भारतात ही चळवळ १९५७ पासून आहे. मुंबईत आणि वसई पट्ट्यातही तिचे गट चालतात. जागा बहुधा चर्चच्या आवारातली किंवा शाळेची एखादी खोली असते.

तिथे जायचे म्हटले की आपल्या माणसाला भीती वाटते. नाव लिहून घेतील का, पैसे मागतील का, कोंडून ठेवतील का, पोलिसांना कळेल का? यातले काहीही होत नाही. तिथे फी नाही, प्रवेश अर्ज नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासद होण्याची अट. साधारण तास-दीड तासाची बैठक. त्यांच्यातलाच एक जण बैठक चालवतो, आज हा तर उद्या तो. एकेक जण उठतो, फक्त पहिले नाव सांगतो, आपण दारूचे रुग्ण आहोत असे सांगतो आणि आपल्यावर काय गुदरले, आज कसे चालले आहे ते बोलतो. मध्ये कुणी बोलत नाही, उपदेश करत नाही, वाद घालत नाही. नव्याला बोलायची सक्ती नसते. नुसते बसून ऐकले तरी चालते. शेवटी टोपी किंवा थैली फिरते, त्यात ज्याला जमेल तो पाच-दहा रुपये टाकतो, नाही टाकले तरी कुणी विचारत नाही. खोलीचे भाडे आणि चहा त्यातूनच भागतो, कारण बाहेरच्या देणग्या घ्यायच्या नाहीत हा त्यांचा नियम आहे. म्हणूनच तिथे कुणा नगरसेवकाचा बॅनर लागत नाही.

‘जन्मभर पिणार नाही’ अशी शपथ तिथे घ्यायला लावत नाहीत. ‘फक्त आजचा दिवस’ एवढेच. उद्याचे उद्या. ज्याने शंभर वेळा मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि शंभर वेळा मोडली, त्याला या एका दिवसाचे मोल कळते. जुना सभासद नव्याला आपला फोन नंबर देतो. रात्री अकरा वाजता हात थरथरायला लागले, पाय दुकानाकडे वळायला लागले, तर त्या नंबरवर फोन करायचा. ही एवढी साधी गोष्ट औषधाइतकी काम करते. २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने दहा हजारांहून अधिक रुग्णांवरील २७ अभ्यास तपासले. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत ए.ए. आणि त्याकडे नेणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांच्या तोडीस तोड किंवा त्यांहून सरस ठरतात, असा निष्कर्ष त्यातून निघाला. ही बुवाबाजी नव्हे.

‘तिथे देवाचे नाव घेतात’

आता आपल्या माणसाचा खरा आक्षेप. ए.ए.च्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे, प्रार्थना आहे. बैठक चर्चच्या आवारात. मग बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या बौद्धाने तिथे जायचे कसे?

हा आक्षेप खोटा नाही आणि तो हसण्यावारी नेऊ नये. बारा पायऱ्या ज्यांनी लिहिल्या ते ख्रिस्ती संस्कारातले होते, त्यांनी त्यांच्या भाषेत लिहिले. पण ‘ज्याला जसा समजेल तसा’ ही सूट त्यांनीच त्यात घालून ठेवली आहे. तिथे बसणारे अनेक नास्तिक त्या ‘मोठ्या शक्ती’चा अर्थ समोर बसलेला गट असा घेतात. एकट्याने जमले नाही, दहा जणांनी मिळून जमते, म्हणजे दहा जणांची शक्ती माझ्यापेक्षा मोठी. यात अलौकिक काय आहे? बौद्धाला यासाठी ‘संघं सरणं’ यापलीकडे जाण्याची गरज नाही. प्रार्थनेच्या वेळी गप्प उभे राहता येते, कुणी हात जोडायला लावत नाही. आणि ज्यांना तरीही अडचण वाटते त्यांच्यासाठी वेगळा रस्ता निघू शकतो. अमेरिकेत २०१९ साली ‘रिकव्हरी धर्मा’ नावाने बुद्धाच्या चार आर्यसत्यांवर आणि अष्टांगिक मार्गावर आधारलेले व्यसनमुक्ती गट उभे राहिले. दुःख आहे, दुःखाचे कारण तृष्णा आहे, तृष्णा थांबवता येते, त्याचा मार्ग आहे. दारूच्या रुग्णाला यापेक्षा नेमके निदान कोणते सांगायचे? बुद्धाच्या देशात, बाबासाहेबांच्या महाराष्ट्रात असे गट गावोगाव का नसावेत?

पण ते उभे राहीपर्यंत बुडणाऱ्याने दोर कुठल्या कारखान्यात वळला हे विचारत बसू नये. वसईच्या ख्रिस्ती समाजाने दारूचा प्रश्न लपवून ठेवला नाही, त्यावर काम केले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. फादर ज्यो परेरा हे स्वतः या आजारातून बाहेर आलेले धर्मगुरू. त्यांनी १९८१ मध्ये मुंबईत ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले, २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कृपाचे केंद्र वसईतही आहे. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ सुरू केले, त्याला पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंचा हातभार लागला. मुक्तांगणने उपचार करून माणूस घरी सोडून दिला नाही. पाठपुराव्याच्या बैठका घेतल्या, रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालवला. या सगळ्यांत आपल्या चळवळीच्या संस्थांची नावे किती? हा प्रश्न प्रत्येक विहार समितीने स्वतःला विचारावा.

आडनाव न विचारणारी जागा

या गटांची एक गोष्ट आपल्यासाठी विशेष मोलाची आहे. तिथे आडनाव विचारत नाहीत. आपल्या देशात आडनाव म्हणजे जातीचा दाखला. खोली भाड्याने घेताना, नोकरीच्या मुलाखतीत, शाळेच्या हजेरीत आडनाव उच्चारले की समोरच्याची नजर बदलते. नियमाने आडनाव बाहेर ठेवणाऱ्या जागा या देशात किती? बँकेचा अधिकारी आणि सफाई कामगार शेजारी-शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात आणि दोघेही आपापली लाज सांगतात. जात बोलीतून, राहत्या वस्तीच्या नावातून कळते, ती तिथेही एकदम नाहीशी होत नाही. एखाद्याला तसा अनुभव आला तर त्याने तो गट सोडून दुसरा धरावा, पण मिटिंग सोडू नये.

आणि हा प्रश्न कार्यकर्त्यांनाही लागू आहे. चळवळीत असे कितीतरी जण आहेत जे दिवसा व्यासपीठावर बावीस प्रतिज्ञा देतात आणि रात्री बाटली घेऊन बसतात. त्यांना मदत मागता येत नाही, कारण ‘साहेब’ म्हणवून घेण्याची सवय आड येते. त्यांना सोपाऱ्याच्याच एका माणसाची आठवण द्यावीशी वाटते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी ज्या सोपाऱ्याचा स्तूप उकरून जगापुढे आणला, त्या प्राचीन सुप्पारक बंदरात बाहिय दारुचीरिय राहत होता. लोक त्याला अर्हत समजून मान देत. आपण अर्हत नाही, अर्हत होण्याचा मार्गही आपल्याला ठाऊक नाही, हे लक्षात येताच तो तसाच उठला आणि तथागतांना शोधत श्रावस्तीपर्यंत गेला. लोक मानतात तो मी नाही, एवढे कबूल करून निघणे, हीच ए.ए.ची पहिली पायरी आहे. आपल्याला श्रावस्तीपर्यंत जायचे नाही. नालासोपाऱ्याहून वसई रोड एकच स्टेशन आहे.

दोष चारचौघांत कबूल करणे ही परदेशी कल्पना आहे, असेही कुणी म्हणू नये. भिक्खुसंघात दर पंधरा दिवसांनी उपोसथाला पातिमोक्खाचे पठण होते आणि भिक्खू आपला दोष दुसऱ्या भिक्खूसमोर प्रकट करतो. दोष सांगितला की तो हलका होतो आणि माणूस पुन्हा संघात उभा राहतो. कल्याणमित्र मिळणे म्हणजे अर्धा नव्हे तर संपूर्ण धम्ममार्ग मिळणे, असे तथागतांनी आनंदाला समजावले होते. दारूच्या रुग्णाला हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही, तो ते जगतो.

आधी डॉक्टर, मग मिटिंग

एक सावधगिरी अत्यंत महत्त्वाची आहे. जो माणूस वर्षानुवर्षे रोज, सकाळपासून पितो, त्याने एका झटक्यात दारू बंद केली तर त्याला झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात, वेळीच उपचार मिळाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. घरचे अशा माणसाला खोलीत कोंडतात, वरून ‘भूत लागले’ म्हणून मांत्रिक आणतात. हे थांबले पाहिजे. पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढले पाहिजेत. मुंबईत केईएम, नायर, सायन या महापालिका रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत, ठाण्यात १९०१ पासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तसेच जेवणात गुपचूप गोळी मिसळण्याचा प्रकार कुणीही करू नये. दारू सोडवण्याच्या काही गोळ्या अशा असतात की त्यांवर दारू प्यायली तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. अशी गोळी रुग्णाला सांगून, डॉक्टरांनी तपासूनच द्यायची असते.

मिटिंग हे डॉक्टरला पर्याय नाही आणि डॉक्टर मिटिंगला पर्याय नाही. रुग्णालय शरीरातली दारू काढते. संध्याकाळी सात वाजता मनात येणारी दारू काढायला माणसे लागतात.

कायदा काय म्हणतो?

वकील म्हणून काही गोष्टी वाचकांच्या कानावर घालणे कर्तव्य समजतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याने दारू आणि अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश ‘मानसिक आजार’ या व्याख्येतच केला आहे. म्हणजे दारूचा रुग्ण हा कायद्याच्या नजरेत रुग्ण आहे. कलम १८ प्रमाणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवांमध्ये उपचार मिळणे हा त्याचा हक्क आहे आणि दारिद्र्यरेषेखालील माणसाला, त्याच्याकडे पिवळे कार्ड असो वा नसो, सरकारी संस्थेत तो उपचार मोफत मिळाला पाहिजे. उद्या रुग्णालयात कुणी ‘दारुड्यांसाठी इथे जागा नाही’ म्हणाला तर त्याला हे कलम दाखवा.

दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची. व्यसनमुक्तीच्या नावाखाली बेकायदा धंदा करणारेही आहेत. रात्री गाडी आणायची, चार दांडगट माणसांनी रुग्णाला उचलून न्यायचे, महिनोन् महिने कोंडायचे, मारायचे आणि घरच्यांकडून पैसे उकळायचे. कायद्याने असे करता येत नाही. मानसिक आरोग्य संस्थेला नोंदणी बंधनकारक आहे. रुग्णाच्या संमतीशिवाय दाखल करायचे तर स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका अशी गंभीर स्थिती असावी लागते, नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज लागतो, मनोविकारतज्ज्ञासह दोघांची स्वतंत्र तपासणी लागते आणि त्यालाही सुरुवातीला ३० दिवसांची मर्यादा आहे. साखळीने बांधणे, सक्तीने मुंडन करणे यांना कायद्यात थारा नाही. आईबाप, पत्नी यांनी केंद्र निवडताना आधी नोंदणी प्रमाणपत्र मागावे, डॉक्टर कोण हे विचारावे, रुग्णाला भेटू देतात का ते पाहावे.

तिसरी गोष्ट स्त्रियांसाठी. दारू हा आजार आहे, म्हणून मारहाण माफ होत नाही. स्वतःहून केलेल्या नशेचा बचाव पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतही नव्हता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही नाही. घरगुती हिंसाचारापासून संरक्षण कायदा, २००५ प्रमाणे पत्नीला संरक्षणाचा, त्याच घरात राहण्याचा आणि खर्चाचा आदेश मिळू शकतो. याच कायद्याच्या कलम १४ खाली दंडाधिकारी समुपदेशनाचा आदेशही देऊ शकतात. सर्व स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ खाली मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. ‘तो सुधारेल’ या आशेवर मार खात बसू नका. तक्रार केल्याने उपचाराचा रस्ता बंद होत नाही, उलट अनेकदा तो तिथूनच उघडतो. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी ‘अल-ॲनॉन’ हे वेगळे गट आहेत. तो जायला तयार नसला तरी पत्नीने, आईने, मोठ्या मुलीने तिथे जावे. आणि ज्या बायका स्वतः पितात, त्यांच्याबद्दल तर आपण बोलतच नाही. त्यांना मदत मागणे पुरुषापेक्षा दहापट कठीण आहे. त्यांची हेटाळणी करणारे तोंड आधी बंद केले पाहिजे.

सरकार कुठल्या बाजूला आहे?

संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने मादक पेयांच्या सेवनाला आळा घालण्याचा प्रयत्न करण्याचे दायित्व राज्यावर टाकले आहे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही अस्तित्वात आहे, त्यानुसार पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. परवाना कोण विचारतो? राज्याला दारूवरील उत्पादन शुल्कातून वर्षाला वीस हजार कोटींहून अधिक रुपये मिळतात. वर्धा, गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे. चंद्रपूरची २०१५ ची दारूबंदी २०२१ मध्ये उठवली गेली. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. मेली ती कोण होती? झोपडपट्टीतली, रोजंदारीवरची. श्रीमंताच्या ग्लासात मिथेनॉल सापडत नाही.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. दारूवर कर घेता, तर त्या कराचा ठरावीक हिस्सा व्यसनमुक्तीवर खर्च करा. पालघर हा १ ऑगस्ट २०१४ रोजी निर्माण झालेला जिल्हा, त्यात वसई-विरारसारखे दाट लोकवस्तीचे शहर. या शहराच्या महापालिका रुग्णालयांत दारूच्या रुग्णांसाठी ठरलेल्या वारी बाह्यरुग्ण विभाग आणि काही खाटा राखून ठेवाव्यात, प्रत्येक आरोग्य केंद्रावर मदत गटांच्या वेळा आणि जागांचा फलक लावावा. फलकाला कोट्यवधी लागत नाहीत. एक पाटी, एक खडू आणि थोडी इच्छा पुरते. आणि दुकानाविरुद्ध ‘आडवी बाटली’ करण्याचा जो मतदानाचा अधिकार महिलांना मिळाला आहे, तो वस्तीतल्या महिला मंडळांनी वापरावा. पण लक्षात ठेवा, दुकान बंद झाले म्हणून पिणारा बरा होत नाही. १९५१ च्या जाहीरनाम्यातला इशारा तोच होता.

विहारांनी काय करावे?

सरकारची वाट न पाहता आपण करू शकतो अशा काही गोष्टी आहेत. वसई-विरारमधल्या बुद्ध विहारांच्या खोल्या आठवड्यातले कितीतरी दिवस कुलपात असतात. त्यांतली एक संध्याकाळ मदत गटाला द्यावी. समितीने फक्त किल्ली द्यावी, अध्यक्षपद मागू नये. उद्घाटन नको, शाल-श्रीफळ नको, फोटो तर मुळीच नको, कारण गुप्तता मोडली की गट मोडला. ते भाडे देतील तर थोडे भाडे घ्यावे, त्यांच्या नियमात तेच बसते. पौर्णिमेच्या वंदनेनंतर दोन मिनिटे या विषयाची माहिती सांगावी. जयंतीच्या वर्गणीतून दारू येणार नाही, मिरवणुकीत पिऊन नाचणाऱ्याला दोघांनी खांद्याला धरून घरी सोडावे आणि दुसऱ्या दिवशी शुद्धीवर असताना भेटावे. धडा द्यायला नाही, मिटिंगला सोबत न्यायला. पहिल्या दिवशी सोबत लागते. दाराशी येऊन परत जाणारे फार असतात.

आणि जो पुन्हा प्यायला, त्याला ‘बघ, म्हटले नव्हते’ असे म्हणू नका. हा आजार उलटतो. मधुमेहाच्या रुग्णाची साखर वाढली तर आपण त्याला समाजाबाहेर काढत नाही. पुन्हा घेऊन जा.

ज्याला आज मदत हवी आहे त्याच्यासाठी शेवटची माहिती. केंद्र सरकारची मोफत व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ आहे. मानसिक आरोग्यासाठी ‘टेली मानस’ १४४१६, ही १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ए.ए.च्या बैठकांच्या जागा आणि वेळा बदलत असतात, म्हणून जुन्या कागदावरच्या पत्त्यावर विसंबू नका, आधी फोन करून आजची मिटिंग कुठे ते विचारा. मराठीत चालणारी मिटिंग कुठली हेही विचारा. एका गटात मन रमले नाही तर दुसऱ्यात जा. पहिल्या तीन मिटिंगमध्ये काहीच पटले नाही तरी चौथ्या मिटिंगला जा. न पिता जाणे उत्तम, पण त्यासाठी जाणे टाळू नका.

हा मजकूर वाचून ज्याला कुणाची आठवण झाली असेल, भाऊ, शेजारी, जुना कार्यकर्ता किंवा स्वतःचीच, त्याने हे दोन नंबर कापून खिशात ठेवावेत आणि आजच एकाला द्यावेत. १९५६ साली जी प्रतिज्ञा आपण सर्वांनी मिळून घेतली, ती पाळणेही सर्वांनी मिळूनच जमेल.

जय भीम!